जावयाचा मजूर

तुम्ही हसणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. हसा बाप्पा, हसा! फक्त चहाचा घोट आधी गिळून घ्या. मागे हा किस्सा सांगितला तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला होता.

तर लॅपटॉपच्या पडद्यावरच्या, नखाएवढ्या, एका खोट्या मजुरापायी मी नागपूरहून हैदराबादला नारळ आणि आहेर घेऊन गेलो. जावयाची माफी मागायला! डोकं ठिकाणावर असलेला माणूस असं करतो का? नाही ना? मग ऐका.

माझी सारी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात गेली. शिफ्ट इन्चार्ज होतो. त्या नोकरीत दोन गोष्टी हाडात मुरतात. एक म्हणजे, रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, मग घरी पाहुणे येवोत की पूर येवो. आणि दुसरी, माझ्या शिफ्टमध्ये रिकामा माणूस दिसता कामा नये. कोणी भिंतीला टेकलेला दिसला की मी लांबूनच ओरडायचो, "काहून गा, भिंत पडून राहिली का?"

रिटायर झालो, नागपुरातच बेसाला फ्लॅट घेतला, आणि भिंतीला टेकलेला माणूस मीच झालो.

तरी सुनंदा, म्हणजे आमची सौ., होती तोवर ठीक होतं. दिवसभर भांडायला माणूस होतं घरात. पण आमच्या लेकीचे, रश्मीचे, दिवस भरत आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या प्रवास नको, म्हणून बाळंतपण माहेरी न होता तिच्याच घरी हैदराबादला ठरलं आणि सुनंदा तिकडे निघाली. मी पण बॅग काढली. तर म्हणते कशी, "तुम्ही कुठं चालले? दोन खोल्यांचं घर आहे त्याईचं. तुम्ही बारशाले या. आता तुमचं काय काम आहे तिथं?"

खरंच, काय काम होतं? बॅग पुन्हा कपाटावर ठेवली.

नातू झाला. फोनवर पाहिला, नाक माझ्यावर गेलंय असं मला वाटलं, बाकी कोणाला वाटलं नाही. सुनंदाचा रोज फोन यायचा. "जेवले का? गोळी घेतली का? ठेवते, बाळ रडून राहिलं." झालं! तेवढंच बोलणं. बाकी दिवसभर बोलायला कोण? दूधवाला, तो पण दाराला पिशवी अडकवून पसार व्हायचा. घर खायला उठायचं हो. संध्याकाळी वरच्या, खालच्या, शेजारच्या सगळ्या घरांतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या, आणि एकट्या माणसाला तांदूळ किती लागतात याचा अंदाज माझा रोज चुकायचा. खोटं कशाला सांगू, कधी कधी डोळ्यांत पाणी यायचं.

आता आमचे जावई, अनिकेतराव. मूळचे नाशिकचे, कॉम्प्युटरवाले, स्वभावाने अगदी गरीब. सासूबाईंना न्यायला आले तेव्हा माझ्या लॅपटॉपवर एक खेळ टाकून गेले. राज्य करायचा खेळ. "बाबा, तुम्ही इथून खेळा, मी तिथून खेळतो. घाई नाही काही. तुमची खेळी झाली की माझी, माझी झाली की तुमची. बुद्धिबळासारखं." माझ्या राजधानीचं नाव मी ठेवलं कोराडी. माझी माणसं संत्र्याच्या रंगाची. त्यांची माणसं निळी, आणि त्यांच्या राजधानीचं नाव रश्मीपूर. बायकोचं नाव दिलं पोराने! मला तेव्हाच हा जावई आवडला.

सैन्य-बिन्य मला जमलं नाही. पण मजूर! अहो, त्या खेळात मजूर असतात. शेत नांगरा, खाण खोदा, रस्ता करा. काम संपलं की मजूर कुदळ खांद्यावर टाकून उभा राहतो आणि त्याच्या डोक्यावर एक खूण लुकलुकते, म्हणजे साहेब, काम द्या. मला तर माझी शिफ्टच परत मिळाली! एकालाही रिकामं ठेवलं नाही मी. कामं संपली तर रस्त्याच्या बाजूने दुसरा रस्ता काढला. डोंगराला गोल रस्ता. एकदा अनिकेतराव फोनवर म्हणाले, "बाबा, तुमच्या राज्यात माणसांपेक्षा रस्ते जास्त झालेत." मला ते कौतुक वाटलं.

सगळ्यांना कामाला लावायचं, खालचं बटण दाबायचं, की खेळी तिकडे जायची. मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ऑफिस आटोपून ते खेळले की माझ्या लॅपटॉपवर 'टुंग' व्हायचं. तुमची खेळी! त्या एका टुंगसाठी मी उन्हं उतरल्यापासून चहा घेऊन बसायचो. सबंध दिवसात मला कोणी बोलावलं, असं तेवढंच वाटायचं.

आणि मग मी माती खाल्ली.

सरहद्दीवर अनिकेतरावांचा एक निळा मजूर उभा होता. रिकामा! आज पाहिला, उद्या पाहिला, तिथेच. कुदळ खांद्यावर, मख्खासारखा उभा. म्हटलं, जवळ जाऊन पाहावं तरी. म्हणून एक घोडेस्वार तिकडे पाठवला, पण बोट पडलं नेमकं त्या मजुरावरच. घोडा गेला, ढोल वाजला, आणि तो निळा माणूस माझ्या डोळ्यांदेखत संत्र्याच्या रंगाचा झाला! मी त्याला कैद केला होता.

अरे बाप्पा! जावयाचा माणूस पळवला मी! रश्मीपूरचा, म्हणजे लेकीच्या सासरचा माणूस!

आता तो माझा. डोक्यावर खूण लुकलुकून राहिली, साहेब, काम द्या. पण तुम्हीच सांगा, लेकीच्या सासरच्या माणसाच्या हाती कोणी कुदळ देतं का? त्यांच्याकडचा ड्रायव्हर आला तरी आधी त्याला ताट वाढतो आपण. कोराडी तिथून पावलाभरावरच होती. मी त्याला मानाने आत आणला, तळ्याकाठी चांगली जागा पाहून उभा केला आणि मोठ्याने म्हणालो, "बसा भाऊ. तुम्ही पाहुणे. कामाचं नाव काढू नका." रिकाम्या घरात मोठ्याने बोलायची सवय लागली होती, काय करता!

खालचं बटण दाबलं, तर पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं, एक मजूर हुकुमाची वाट पाहत आहे म्हणून. म्हटलं, पाहू दे. त्या पाटीची फुली दाबली आणि लॅपटॉप मिटून झोपायला गेलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टुंग नाही.

म्हटलं, ऑफिसात अडकले असतील. तिसऱ्या दिवशीही नाही. मी लॅपटॉपचा आवाज तपासला, इंटरनेटची डबी बंद करून चालू केली, तिच्यावरची धूळ पुसली. टुंग नाही ते नाहीच! खेळ उघडला की तेच चित्र. तळ्याकाठी पाहुणा उभा, आणि मी फुली दाबतोय.

मग ट्यूब पेटली. जावई रुसले! आपल्यात जावई रुसणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. लेकीच्या संसारात खडा पडायचा. तिथे नुकतं बाळ झालंय, आणि इथे मी बसल्या बसल्या जावयाची माणसं पळवून राहिलो!

तुम्ही म्हणाल, एक फोन करायचा. करून काय विचारू? 'तुमची खेळी काहून नाही आली?' म्हणजे म्हातारा दिवसभर त्याचीच वाट पाहत बसतो, हे त्यांना कळणार. सासऱ्यालाही थोडी अब्रू असते की नाही? मी आडून आडून सुनंदाला विचारलं, "अनिकेतराव काय करून राहिले?"

"काय करतील! गप्प गप्प असतात. झोप कुठं होते त्याईची. तुम्ही काहून विचारून राहिले?"

"काही नाही," मी म्हणालो आणि फोन ठेवून दिला. झोपेचं मी ऐकलंच नाही. मी ऐकलं फक्त गप्प गप्प.

बेसा चौकात चहाच्या ठेल्यावर ठवकर भेटला. माझ्याच शिफ्टचा जुना माणूस. त्याला सगळं सांगितलं. त्याने बशीतला चहा संपवला आणि निकाल दिला.

"जावई हाय गा तो! माणूस खेळातला असन, पण रुसवा तर खरा असते ना? माह्या बहिणीच्या नवऱ्याले लग्नात आइस्क्रीम भेटलं नाही, तर अजून दिवाळीले येत नाही तो."

"मंग करू काय?"

"नारळ घे, टॉवेल-टोपी घे, संत्रा बर्फी घे. समोर जाय अन् हात जोड. फोनवर नाही होत हे काम."

आणि मी, इतकी वर्षं आख्खी शिफ्ट सांभाळलेला माणूस, ठवकरचं ऐकून गाडीत बसलो! घाई इतकी, की बॅगेत लॅपटॉप, नारळ, आहेर, बर्फी सगळं घेतलं, आणि स्वतःची दुसरी पँट विसरलो.

दार अनिकेतरावांनीच उघडलं. दाढी वाढलेली, डोळे लाल. मला वाटलं, रागाने. मी इकडेतिकडे पाहिलंच नाही. त्यांच्या हातात नारळ दिला, खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली आणि हात जोडले.

"अनिकेतराव, चुकलं माझं. तुमचा माणूस मी पळवला. पण देवाशपथ, त्याला काही कमी पडू दिलं नाही. तळ्याकाठी ठेवलाय. अंगाला हात लावला नाही कोणी!"

मागे टेबलावर त्यांचा लॅपटॉप उघडा होता. ऑफिसची मीटिंग चालू! सगळे चेहरे माझ्याकडे पाहून राहिले. त्यातल्या एकाने हळूच विचारलं, "सर, पुलिस को फोन करूँ क्या?"

आतून सुनंदा धावत आली. "कोणाचा माणूस पळवला तुम्ही? अन् इथं कसे काय टपकले?"

अनिकेतरावांनी टोपी न काढताच मीटिंग बंद केली. "बाबा, कोणता माणूस?"

"तुमचा निळा मजूर! सरहद्दीवरचा!"

"तिथे माझा मजूर होता? अहो, बाळ झाल्यापासून मी कुणाला कुठे उभं केलंय, काही आठवत नाही मला."

"मग खेळी का नाही पाठवली इतके दिवस?"

"मी? बाबा, खेळी तुमचीच आहे! मी रोज बघतोय. मला वाटलं, तुम्हाला कंटाळा आला. मग वाटलं, माझं काही चुकलं. आई म्हणाल्या, हल्ली फोनवर तुटक बोलतात. मग विचारायचीच भीती वाटली."

म्हणजे ते तिकडे वाट पाहतायत आणि मी इकडे! त्यांनी माझा लॅपटॉप उघडला, आणि तळ्याकाठच्या पाहुण्यावर बोट ठेवलं. "हे बघा. एकही मजूर हुकुमाशिवाय उभा असला ना, तर खेळी संपतच नाही. फुली दाबून काय होणार?"

मला हे कळणार कसं? मी आजवर एकालाही रिकामं ठेवलंच नव्हतं!

"म्हणजे एक माणूस मानानं बसवून ठेवला, अन् सगळ्याईचं अडलं?" सुनंदा म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून जी हसत सुटली! रश्मी आतून "आई, हसू नको, टाके दुखतात माझे" म्हणत स्वतःच हसत होती. मीही हसलो. काय करणार?

हसणं संपलं आणि जो तो आपापल्या कामाला लागला. मी सोफ्यावर. दुपट्यांच्या घड्या करायला घेतल्या, तर रश्मी म्हणाली, "बाबा, तुम्ही बसा हो." भाजी निवडायला गेलो, तर जावई धावले, "छे छे, बाबा, तुम्ही बसा!" दुसऱ्या दिवशीही तेच. सुनंदा तेलाची वाटी घेऊन जाता जाता म्हणाली, "पाय वर घ्या जरा."

मी पाय वर घेतले. मग मात्र राहवेना. तिला स्वयंपाकघरात गाठलं. "मले काहीतरी काम सांग वं."

"काय सांगू? जावयाच्या घरी पाहुणे आहात. बसा ना निवांत."

"निवांतच बसून राहिलो ना वं तिकडे. नाही करमत मले. लई एकटं वाटते तुयाशिवाय."

इतक्या वर्षांच्या संसारात मी असलं काही बोललो नव्हतो. तिने गॅस बारीक केला. माझ्याकडे पाहिलं. आत गेली, आणि नातवाला आणून माझ्या मांडीवर ठेवलं. "धरा. मानेखाली हात राहू द्या. आत्ताच झोपला, हलू नका. मी आंघोळ करून येते."

मी हललो नाही. श्वाससुद्धा बेताने घेतला. थोड्या वेळाने अनिकेतराव लॅपटॉप घेऊन आले. "बाबा, त्या मजुराला काहीतरी काम द्या आता. खेळी अडलीय."

"थांबू द्या," मी हळूच म्हणालो. "माझे हात रिकामे नाहीत."

सुनंदाची आंघोळ काही आटपेना. हाताला मुंग्या आल्या. आणि मग मांडीवर काहीतरी गरम गरम पसरत गेलं. पसरत पसरत पार गुडघ्यापर्यंत! हाक मारावी असं वाटलं. पण इतक्या दिवसांनी ड्युटी लागलेली, आणि रिलीव्हर यायच्या आधी खुर्ची सोडायची? बसून राहिलो तसाच.

शेवटी रिलीव्हर आली. पोराला पाहिलं, माझ्या पँटकडे पाहिलं, आणि म्हणाली, "दुसरी घालून या."

दुसरी होती कुठे? जावयाच्या मानाचा तो टॉवेल खुंटीवरून काढला, कमरेला गुंडाळला, आणि तसाच सोफ्यावर बसून जावयासमोर माझी खेळी संपवली.