हरवलेला रेचक

विघ्नहर्त्या गजाननास आणि सर्वांच्या देहांत वाहणाऱ्या वायुदेवतेस वंदन करून, आज सकाळी आमच्या गृहिणीने धाप न लागता सबंध आरती म्हटली, त्या निमित्ताने हे लिहीत आहे.

गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियामुळे तिला सोलापुरातल्या एका रुग्णालयात व्हेंटिलेटरवर ठेवले होते. घशातून नळी गेलेली. यंत्र हवा आत ढकलत होते आणि बाहेर येणारी मोजत होते. ताप उतरल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "उद्या नळी काढावी म्हणते. पण काकूंचा श्वास त्यांना पुरतोय, हे आकड्यांवरूनच कळणार. आणि आकडे जुळत नाहीत."

यंत्राच्या पडद्यावर आत जाणारी हवा चारशे मिलिलिटर होती, बाहेर येणारी अडीचशे.

दुधनीहून मेहुणे आले होते. ते तेथे प्राणायामाचे वर्ग चालवतात, आणि जगातील प्रत्येक आजार नाकपुडीच्या गैरवापराने होतो अशी त्यांची श्रद्धा आहे. पडदा पाहून त्यांनी हात जोडले.

"दाजी, आत चारशे, भाईर अडीचशे. बाकीचा कुटं गेला?"

"कुठे?"

"कुंभक लागलाय की अक्काला!"

मी शास्त्र शिकलेला माणूस. लगेच हो म्हणणे शोभले नसते, म्हणून थोडे थांबून हो म्हटले. श्वास घेणे तो पूरक, सोडणे तो रेचक, आणि रोखून धरणे तो कुंभक. वजाबाकी चोख येत होती. जिने संसारात बोलणेसुद्धा कधी रोखले नाही, तिने श्वास रोखावा, यात मला ईश्वराची कृपाच दिसली. यंत्राने धोक्याची घंटी वाजवली, तिला मेहुण्यांनी अनाहत नाद ठरवले. ही वार्ता बाहेर बसलेल्या नातलगांत पोहोचली, आणि एका मावशींनी अतिदक्षता विभागाच्या काचेलाच कुंकू लावले.

घंटी ऐकून डॉक्टर आल्या. मी सिद्धान्त मांडला, तोही सप्रमाण. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"गुरुजी, दर श्वासाला एवढी हवा आत राहिली असती, तर काकू एव्हाना छताला टेकल्या असत्या."

"म्हंजे हलकं हुन्याची सिद्धी!" मेहुणे उद्गारले. "लघिमा! दाजी, लई मोठं काम हाय हे."

डॉक्टरांनी घशातल्या नळीभोवतीचा, हवा निसटू न देणारा फुगा तपासला, गळती नव्हती. मग बाहेर येणारी हवा मोजणारा सेन्सर काढून उजेडात धरला. आत थेंब चमकले. फुप्फुसे कोरडी पडू नयेत म्हणून यंत्र हवेत वाफ मिसळते. तीच तेथे निवून पाणी झाली होती.

"तुमचा रेचक पूर्ण आहे, गुरुजी. मोजणारा भिजलाय. यावर विश्वास ठेवला असता तर चांगल्या होत आलेल्या काकूंना मी उगाच नळीवर ठेवलं असतं."

दुसरा सेन्सर बसवला, तो प्रमाणित केला, आणि आकडे जवळजवळ जुळले. मेहुण्यांचा चेहरा उतरला. बहीण बरी होत असल्याने हिरमुसलेला भाऊ मी प्रथमच पाहिला.

दुसऱ्या दिवशी नळी निघाली. गृहिणी खूप खोकली, आणि मग स्वतःच्या बळावर श्वास घेऊ लागली. मला हुंदका आवरेना. मेहुणे मात्र पुढे सरसावले.

"अक्का, समाधीत काय दिसलं गं?"

घोगरा, तुटक आवाज आला, "तुझं तोंड. बाजूला हो, वारा लागू दे."

वाचकहो, तुमच्या घरी कुणाचाही श्वास अडू नये, सर्वांस उदंड आयुरारोग्य लाभावे, आणि दुखण्याच्या वेळी आमच्यासारख्या पंडितांच्या आधी डॉक्टर उशाशी पोहोचावा, हा माझा मनःपूर्वक आशीर्वाद.