कोंडिबामामांचा दगड

उभ्या गाडीच्या चाकाला दगड लावल्याशिवाय कोंडिबामामा तिच्यासमोरून जात नसत. गाडी सपाटीवर असो, बंद असो, मालक शेजारी उभा असो. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्याही गाडीला दगड लावला. संध्याकाळी बावधनला घरी निघताना ती हलेना, तेव्हा मला कळलं. विचारलं तर म्हणाले, "गाडी कुनाची नसती बाई, उताराची असती."

भुकूमच्या पुढे एका बंदिस्त रस्त्यावर आम्ही विनाचालक गाड्या तपासतो. कागदावर माझी सही झाल्यावरच गाडी सार्वजनिक रस्त्यावर जाते. तेव्हा जी गाडी तपासत होतो, तिला पुढे ताम्हिणीचा रस्ता मिळणार होता. जनावरं आडवी आली की ती थांबते का, हे पाहायला मामांना शेरडांसकट रोजावर बोलावलं होतं. मामांची धनगरवाडी त्याच ताम्हिणीच्या रस्त्याच्या वरच्या अंगाला. त्यांची बायको हिराबाई रोज तो रस्ता ओलांडून शेरडं चारायला नेई.

गाडी दर वेळी थांबली. आम्ही खूश, मामांचं तोंड तेवढं वाकडं. रोज एकाच जागी आडवं गेलं तर बैलालासुद्धा ते कळतं, असं त्यांचं म्हणणं. थांबली म्हणजे तिला दिसलं, हे त्यांना मान्यच नव्हतं. मला राग यायचा. पडद्यावरचे आलेख दाखवले तर ते आलेख सोडून माझ्या तोंडाकडे बघत. मी खोटं बोलतेय का, ते ताडत असावेत.

मग पाऊस लागला. मामा घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन आले आणि चाचणीसाठी माणसाऐवजी रस्त्यात उभ्या केलेल्या पुतळ्याकडे बघून म्हणाले, "ह्यो असा शर्ट-पँट घालून पावसात कुटं निगालाय?" स्वतःची घोंगडी काढून त्यांनी पुतळ्याला खोळ घातली. करडू उचलायला माणूस वाकतो तसं त्याला वाकवलं. गाडी आली आणि वेग जराही कमी न करता पुतळा चिरडून गेली. मामांनी चाकाखाली गेलेली घोंगडी ओढून काढली, झटकली आणि पुन्हा पांघरली.

सही अडली. साहेबांचं म्हणणं, हल्ली घोंगडी घेतं कोण. मी हटून बसले. दोन महिने दुरुस्ती चालली आणि घोंगडीतल्या पुतळ्यासमोरही गाडी थांबू लागली. मी मोठ्या तोऱ्यात मामांना सांगायला गेले.

"तू ऱ्हाशील का उबी तिच्याम्होरं, घोंगडी घिऊन?"

मी हातातले कागद चाळू लागले.

"मंग सही कशाची करतीस?"

दुसऱ्या दिवशी भर पावसात, नियम मोडून, मी ती घोंगडी पांघरली आणि रस्त्यात वाकून राहिले. ओल्या लोकरीचा वास येत होता. खोळीतून पायापुढचा हातभर रस्ता तेवढा दिसत होता. पावसात घोंगडी घेऊन रस्ता ओलांडताना हिराबाईंनाही एवढंच दिसत असणार, हे तेव्हा लक्षात आलं, आणि मी भ्याले. गाडी चार हातांवर थांबली. मामांनी आधी चाकापुढे दगड सरकवला, मग मला हाताला धरून उठवलं.

"थांबली," मी म्हणाले.

"आज थांबली."

सही मी त्याच दुपारी केली. मामा त्या हिवाळ्यात न्यूमोनियाने गेले. गाडी आता ताम्हिणीत फिरते आणि हिराबाई अजून शेरडं घेऊन तोच रस्ता ओलांडतात. जोराचा पाऊस लागला की माझं कामात लक्ष लागत नाही, मी फोनकडे बघत बसते. संध्याकाळपर्यंत तो वाजला नाही, की मनाशी म्हणते, आज थांबली.