दुसरा भाग मेडशीतच

मेडशीच्या वाचनालयात पुस्तक मागायला गेलं की जगदेव आधी तुमच्या तोंडाकडे बघतो आणि मग कपाटाकडे. अमुकच पुस्तक द्या म्हणून कोणी नाव घेऊन आलं, तर त्याला मनातून राग येतो. डॉक्टरकडे जाऊन गोळीचं नाव आपणच सांगतो का, असं त्याचं म्हणणं. मागितलेलं पुस्तक तो देतो, नाही म्हणत नाही, पण देताना चेहरा असा करतो की घेणाऱ्यालाच अपराध्यासारखं वाटावं.

वाचनालय म्हणजे एसटीच्या थांब्यामागची एक लांबट खोली. बसला उशीर असला की पंख्याखाली बसायला म्हणून लोक आत येतात, आणि जगदेव त्यांना रिकाम्या हाती सहसा सोडत नाही. त्याचं वय साठीकडे झुकलेलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी रिसोडला दिलेली. अधूनमधून तिच्याकडे जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं, एवढाच त्याचा प्रवास.

उकंडराव धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, वादापायी वाशीमच्या कोर्टात तारखा करतात. तारीख पडली की बसमधून उतरून तडक वाचनालयात, कपाळाला आठ्या घालून. त्या दिवशी जगदेव त्यांना पोलीस तपासाची कादंबरी देतो, शेवटच्या पानावर गुन्हेगार हमखास सापडणारी. "कोर्टात नाही त नाही, पुस्तकात तरी निकाल लागू द्या, बापू," म्हणतो. गोमतीबाईचा नवरा वारला तेव्हा अख्ख्या गावानं तिच्याकडे पोथ्या आणून टाकल्या. जगदेवनं हिमालयातल्या पायी प्रवासाचं पुस्तक पाठवलं. लोक म्हणाले, याचं डोकं फिरलं. पण दिवसकार्य झाल्यावर बाई भेटायला आलेल्यांना सांगत होती, "तिकडं थंडी लय हाय, बाप्पा. हातपाय काळे पडतेत मानसाचे." नवऱ्याच्या आजारपणाखेरीज ती काही बोलली, ते पहिल्यांदा तेव्हाच.

तर असा हा माणूस, आणि गाव त्याला मानतं. पण त्याचं दुखणं वेगळंच होतं. नेलेलं पुस्तक लोक परत आणायचे, "चांगलं होतं" म्हणायचे आणि चालू लागायचे. काय चांगलं, कुठं चांगलं, विचारलं तर हसायचे. आपण मन लावून स्वयंपाक करावा आणि जेवणाऱ्यानं नुसता ढेकर देऊन उठावं, तशातली गत. रुपाबाई येईपर्यंत त्याला हेही कळलं नव्हतं की आपल्याला काहीतरी कमी पडतंय.

रुपाबाई बंजाऱ्यांच्या तांड्यावरची, सोमलाची बायको. सातवीपर्यंत शिकलेली. ती पहिल्यांदा आली ती बस चुकली म्हणून. जगदेवनं तिचे घट्टे पडलेले हात बघितले आणि मोठ्या विश्वासानं एका कष्टकरी बाईच्या हालांची कादंबरी दिली. आठवड्यानं तिनं ती टेबलावर आणून ठेवली.

"भाऊ, हे त मी रोजच जगून राह्यली. वाचाले काहून देता?"

जगदेवनं पुस्तक उलटून पाहिलं.

"आन लिहिणाऱ्यानं कोयता कधी हाती धरला नाही वाटते. त्याची बाई सारा दिवस ऊस तोडते आन सांजीले चांदनं पाहत बसते. आमाले पाठ टेकाची घाई राह्यते. मले समुद्राचं काही असंन त द्या."

त्याचा अंदाज सपशेल चुकला होता, आणि गंमत म्हणजे त्याला बरं वाटलं. त्यानं समुद्राचं पुस्तक दिलं. त्यावरही ती भांडली. मग ते भांडणच सुरू राहिलं. बाजाराची पिशवी खांद्याला अडकवून ती दाराशी उभी राहायची आणि पुस्तकाची पार सालं काढायची. हा माणूस असा वागणार नाही, ही बाई एवढं सोसणार नाही, शेवट घाईनं उरकला. जगदेव लेखकाची बाजू घ्यायचा आणि बहुतेक वेळा हरायचा. बस आली की ती जायची. त्यात गावानं नावं ठेवावीत असं काही नव्हतं. पण बाजाराच्या दिवशी जगदेव सदरा धुतलेला घालायचा, हेही खरं.

दिवाळी झाली की तांड्यावरची माणसं कोल्हापूरकडे ऊस तोडायला जातात, ती गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. जाणाऱ्यांसाठी जगदेवची एक रीत होती. दोन भागांची कादंबरी काढायची आणि त्यातला पहिलाच भाग द्यायचा. "दुसरा इथंच हाय. वापस आल्यावर न्या," म्हणायचं. अर्धी गोष्ट पोटात घेऊन गेलेलं माणूस वाटेत कुठं राहत नाही, असं तो हसत हसत सांगायचा, पण त्याचा त्यावर विश्वास होता. रुपाबाई दरवर्षी परत आली की घर झाडण्याआधी दुसऱ्या भागासाठी वाचनालयात यायची.

गेल्या दिवाळीनंतर त्यानं तिला एका नावाडीण बाईची कादंबरी दिली. पहिल्या भागाच्या शेवटी ती बाई पुरात नाव घालते आणि तिथं पानं संपतात. पाडव्याला तांड्यावर ट्रक आला. माणसं उतरली, भांडी उतरली, शेळ्या उतरल्या. रुपाबाई उतरली नाही.

चार दिवसांनी तिचा सासरा देवला काठी टेकत वाचनालयात आला. त्याला अक्षरओळख नव्हती. तो बाकावर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. सोमलाला तिकडं एका बागायतदाराच्या गोठ्यावर बारमाही काम लागलं होतं. राहायला पक्की खोली, नळ, आणि नातवासाठी रस्त्यापलीकडेच शाळा. आता कोयता नाही की फडावरची पाचटाची कोपी नाही.

"चांगलं झालं," जगदेव म्हणाला. चांगलं झालंच होतं. जन्मभर जे मिळावं म्हणून माणसं झुरतात ते तिला मिळालं होतं, आणि तरी त्याला वाईट वाटत होतं. आपल्या या दुःखाची त्याला लाज वाटली.

देवला गळा खाकरून म्हणाला, "सून सांगे, तिच्या पुस्तकाचा अर्धा हिस्सा तुह्यापाशी हाय."

"हाय."

"देऊ नोको कोणाले. पाठवू बी नोको. थो भाग इथं हाय तवर थे येईन. पोराचं मले सांगता येत नाही, पन सून येईन. आन सून आली त सारेच येतीन."

जगदेव हसला नाही. त्यानं दुसरा भाग फळीवरून काढला, आपल्या टेबलाच्या खणात ठेवला आणि खणाला कुलूप घातलं. त्या दिवसापासून देवला रोज येऊ लागला. आल्यावर म्हणायचा, "हाय ना जागेवर?" जगदेव म्हणायचा, "हाय." मग दोघं बसेसकडे बघत बसायचे. वाचनालयाच्या कामाचा आणि याचा काही संबंध नव्हता. दोन शहाणीसुरती माणसं एका कादंबरीला खुंट्याला बांधल्यासारखी राखत होती.

सोयाबीनची पेरणी उरकली आणि एका दुपारी देवलाच्या फोनवर रुपाबाईचा फोन आला. म्हाताऱ्यानं फोन जगदेवच्या हातात दिला.

"भाऊ, दुसरा भाग पाठवा ना कसाबी. इथं वाचनालय नाही. मोबाइलात पाह्यलं, तिथंबी नाही. पहिला भाग वाचून वाचून पानं ढिली झाली. थे बाई नावेत बसून राह्यली आन माह्या जिवाले घोर."

जगदेवनं देवलाकडे बघितलं. म्हातारा मान हलवत होता, नाही म्हणून.

"थो बाहेर गेला," जगदेव म्हणाला. "उकंडरावबापूनं नेला."

 मग ती हसली.

"त्यात ना खून, ना पोलीस. नावाडिणीचं पुस्तक बापू कायले नेतीन? खोटं बोलाचं त वाचनाऱ्याचं नाव तरी बराबर घ्या, भाऊ."

चोरी पकडली गेली होती, आणि पकडणारीला कोणाला कोणतं पुस्तक जातं ही विद्या त्यानंच दिली होती.  मग ती हळू आवाजात म्हणाली, "काहून ठेवलं थे मले समजते. पन आमी आता येत नाही. पोरगा शाळेत रमला. तुमी दोघं माह्यावर रागावू नोका."

फोन बंद झाल्यावर जगदेवनं तो देवलाच्या हातात परत दिला. जगदेवला वाटत होतं, तिनं चिडायला हवं होतं, नेहमीसारखं भांडायला हवं होतं. तिनं समजून घेतलं, तेच सोसवत नव्हतं. पुरात सोडलेल्या बाईसारखं तिला अर्ध्यावर ताटकळत ठेवायचं, आणि का, तर आपलं दार कोणीतरी ठोठावावं म्हणून. त्यानं खण उघडला.

"सोमला कवाचा बोलावून राह्यला मले," देवला म्हणाला. "मी जात नव्हतो. मी गेलो की तांड्यावरचं घर बंदच झालं. दे इकडं, मीच नेतो."

जगदेवनं पुस्तकाला वर्तमानपत्राचं वेष्टन घातलं आणि सुतळी बांधली. देवलानं विचारलं, "शेवट गोड हाय का रे?"

"मले काय माहित? मी नाही वाचला."

"कुलपात होता, आन वाचला नाही?"

"थे आल्यावर वाचणार होतो. एकट्यानं वाचून भांडू कोणाशी?"

देवलानं पुस्तक कपड्यांच्या पिशवीत तळाशी घातलं. दुसऱ्या दिवशी जगदेवनं त्याला वाशीमच्या बसमध्ये बसवलं, पुढं रेल्वे कुठं पकडायची ते कंडक्टरलाही समजावलं, आणि बस वळणाआड जाईपर्यंत उन्हात उभा राहिला.

पोळा झाला आणि वाचनालयाच्या फोनवर तिचा फोन आला. आवाजावरूनच त्याला कळलं की पुस्तक वाचून झालंय आणि भांडायला भरपूर आहे. त्यानं खुर्ची जवळ ओढली.

"सांगा. थे बाई पार झाली का?"

"नाही सांगत," रुपाबाई म्हणाली. "शेवट इथंच हाय. तुमी घ्याले या."

तो हसला. आपण जाणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. वाचनालय कोणावर टाकायचं, मुलीला काय सांगायचं, एका कादंबरीच्या शेवटासाठी दुसऱ्याच्या संसाराच्या दारात जाऊन उभं राहायचं म्हणजे लोकांनी काय समजायचं. तिलाही हे ठाऊक असावं.

"गाडी कोणती लागते?" त्यानं विचारलं.

ती सांगू लागली. वाशीमहून कशात बसायचं, कुठं उतरायचं, स्टेशनाबाहेर दुधाची गाडी कोणत्या झाडाखाली थांबते, फाट्यावर कोणाचं नाव सांगायचं. दारात वाचक येऊन उभे होते. जगदेवनं त्यांना हातानं थांबवलं, आणि उतरल्यावर डावीकडे वळायचं की उजवीकडे, ते तिला पुन्हा एकदा विचारलं.