ड्रॅगनफ्रूटवरचे बल्ब

२० नोव्हेंबर, अमावस्या. सकाळी ड्रिपचा फिल्टर धुवायला घेतला होता. कालव्याचं पाणी आलं की जाळीवर शेवाळ बसतं आणि शेवटच्या ओळींना पाणी पोचत नाही. हे काम माझ्याकडे आहे, कारण घरातले दोन्ही पुरुष जाळी घासत नाहीत, आपटतात.

मी घासत होते तेव्हा धाकटे दीर पलीकडच्या प्लॉटमध्ये शिडीवर चढून ड्रॅगनफ्रूटच्या ओळींवर बल्ब टांगत होते. हिवाळ्यात दिवस लहान झाला की हे झाड फुलायचं थांबतं. अंधार पडल्यावर काही तास बल्ब लावले की त्याला उन्हाळाच चालू आहे असं वाटतं आणि बिगरहंगामी फळ येतं. इंदापूर तालुक्यात बरेच जण असं करतात. यात चूक काढण्यासारखं काही नाही. फक्त तो प्लॉट माझ्या दुर्बिणीच्या जागेला लागून होता आणि मला देवयानीचा, म्हणजे अँड्रोमेडा दीर्घिकेचा, एक धड फोटो हवा होता. त्यासाठी मी तिसरा हिवाळा घालवत होते.

इंदापुरात माझा फोटो स्टुडिओ होता. मोबाइल आल्यावर आधी पासपोर्ट फोटो गेले, मग बारशी, मग लग्नं. स्टुडिओ बंद केला, कॅमेरा घरी आणला. तो पडून राहिलेला बघवेना. कुणीतरी तसल्याच कॅमेऱ्याने काढलेला देवयानीचा फोटो इंटरनेटवर पाहिला आणि पुण्यातल्या एका गृहस्थाकडून लहान दुर्बीण आणि ती फिरवणारा ट्रॅकर जुना घेतला.

हे फोटो एका क्लिकमध्ये निघत नाहीत. पृथ्वी फिरते, म्हणून ट्रॅकर दुर्बिणीला ताऱ्यांच्या मागोमाग हळूहळू नेतो. त्याआधी त्याचा कणा ध्रुव ताऱ्याकडे अचूक लावावा लागतो. आमच्याकडे ध्रुव इतका खाली असतो की शेजाऱ्याचा ऊस वाढला की तो उसात जातो. मग मिनिटा-मिनिटाचे ढीगभर फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे. जितके जास्त, तितकी दीर्घिका अंधारातून वर येते. आणि अंधार मात्र खरा लागतो.

पहिला हिवाळा फोकस शिकण्यात गेला. तारे भज्यांसारखे यायचे. दुसऱ्या हिवाळ्यात तोडलेल्या उसाचं पाचट पेटवल्याचा धूर आणि वर दव. दुर्बिणीची काच दवाने पांढरी व्हायची, म्हणून मी सासूबाईंची गुडघा शेकायची पट्टी तिच्याभोवती गुंडाळली. त्या ओसरीवरून ओरडल्या, "माझा गुडघा राहू दे बाजूला, नळकांड्याला शेक!" पट्टीचा उपयोग झाला, पण तोवर मोसम संपला होता.

या वर्षी सगळं जमलं होतं. फोकस, ध्रुव, पट्टी. आभाळ धुतल्यासारखं होतं, चंद्र नव्हता, देवयानी जेवणाच्या वेळेलाच डोक्यावर येत होती.

फिल्टर जागेवर बसवून मी शिडीखाली जाऊन उभी राहिले.

"भाऊजी, आठवडाभर थांबता येईल का?"

"कशाला?"

"अवस आहे. फोटो होईल माझा."

"आन् झाडाला काय सांगू? वहिनींचा फोटो हाय, जरा दम धर?" ते हसले, पण हात थांबला नाही. "कळी धरायची हीच येळ हाय, वहिनी. ह्या आठवड्यात सांजची लाईट हाय. पुढं कवा येती कुणाला ठावं. आन् तुमची ती दीर्घिका कुठं पळती व्हय?"

"ती नाही पळत."

त्यांनी एक बल्ब फिरवून घट्ट केला. "खालच्या वस्तीवरच्या आबांनी पन बल्ब आनल्यात. आमचं फळ बघून पुढच्या साली समदं शिवार लावंल. तुमी मोरगावच्या अंगाला जावा. तिकडं बागाईतच न्हाय, उजेड कोन करतंय?"

आबांचं मला माहीत नव्हतं. पश्चिमेला बारामती एमआयडीसीचा पिवळट पट्टा आधीपासून होता, तो मी सोसला होता. आता पूर्वेला आबांचा उजेड, शेजारी आमचाच. आणि बल्ब विझेपर्यंत देवयानी पश्चिमेच्या त्या पट्ट्यात उतरते. म्हणजे घरी फोटो होणार नव्हता, या वर्षी नाही आणि पुढेही नाही. मोरगाव हीच एक जागा उरत होती.

दुपारी नवऱ्याला पिकअप काढायला सांगितली. ते का म्हणून विचारत नाहीत, फक्त डिझेल किती आहे ते बघतात. सासूबाई म्हणाल्या, "अवसंला तिन्हीसांजंचं परक्याच्या रानात निघालीस? गाव काय म्हनंल?" मी म्हटलं, "कुठलं गाव? तिथं आपल्याला कोण ओळखतंय?" त्यातच घोटाळा होता, ते तेव्हा लक्षात आलं नाही.

मोरगावच्या अलीकडे, बाजरी काढलेलं एक मोकळं रान दिसलं. शेळ्या घेऊन घराकडे निघालेल्या माणसाला विचारलं. "उतरा की, कोन अडवतंय," म्हणाला आणि गेला.

अंधार पडल्यावर जे आभाळ दिसलं ते मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. ध्रुव क्षितिजावर स्वच्छ होता. ट्रॅकर लावला, फोकस केला, पहिला फोटो घेतला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिरपा, लांबट, धुरकट ठिपका आला, आणि भोवतीचे तारे टाचणीच्या टोकासारखे. इतका चांगला फोटो मला कधीच मिळाला नव्हता. रात्री निघायच्या वेळेपर्यंत असेच येत राहिले असते तर काम झालं असतं. मी कॅमेरा आपोआप चालू राहील असा लावून दिला आणि डबा उघडला.

डबा संपायच्या आत रस्त्याकडून मोटारसायकली आल्या. हातात बॅटऱ्या, काठ्या. रात्री ड्रोन फिरतात, चोर त्यातून घरं हेरतात, अशी अफवा आमच्याकडेही उठली होती, गावोगाव गस्त सुरू झाली होती. माझ्या ट्रॅकरला लाल दिवा आहे आणि तो घरघरतो.

"ए! ड्रोन खाली घे!"

"खालीच आहे," मी म्हणाले.

"म्हंजी ड्रोनच हाय! बगा, कबूल झाली!"

"बाई हाय रं."

"बाई हाय, पन आज अवस हाय. लिंबू बगा कुठं टाकलाय का."

सगळ्या बॅटऱ्या दुर्बिणीच्या तोंडावर. नवरा पिकअपमधून उतरून हात जोडत आले. "आम्ही शेतकरीच आहोत, इंदापूरकडचे. ही आभाळाचे फोटो काढते."

"का? तुमच्याकडं आभाळ न्हाय?"

"होतं," मी म्हणाले. "आता बल्ब लावलेत."

त्यांच्यात एक वयस्कर होते, सगळे त्यांना तात्या म्हणत होते. ते पुढे झाले. मी त्यांना पडद्यावरचा पहिला फोटो दाखवला. त्यांनी डोळे बारीक केले.

"ही काय? बुरशी?"

"दीर्घिका आहे. आपल्या सूर्यासारखे अब्जावधी तारे आहेत तिच्यात. फार लांब आहे."

"येवढी लांब हाय, तर तुमी काय करनार तिचं?"

मी फोटो मोठा करून दाखवायला लागले. तेवढ्यात कुणीतरी बघायला वाकलं आणि त्याचा पाय ट्रायपॉडला लागला. ध्रुव सुटला.

माणसं वाईट नव्हती. संशय फिटल्यावर एकाने घरून किटलीत चहा आणला, दुसऱ्याने ट्रायपॉड सरळ करून दिला, वाकडा. पुन्हा ध्रुव लावायला घेतला तर तात्या म्हणाले, "आता आवरा, बाई. आन् पुन्यांदा येऊ नगा. आमी आज वळखलं. उद्या दुसरी पोरं गस्तीला असत्याल, ती आधी दगड घालत्यात, मंग इचारत्यात."

ते खरं सांगत होते. मी दुर्बीण पेटीत भरली.

परत येताना कालव्याच्या पुलावरून आमचा प्लॉट दिसला. लग्नाच्या मांडवासारखा. नवरा म्हणाले, "झाडं खूश दिसतायत." मग पूल उतरल्यावर, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी सगळं शिवार बल्ब लावणार, हे दोघांनाही माहीत होतं.

घरी येऊन बॅटऱ्या यायच्या आधीचे तेवढे फोटो एकावर एक रचले. मधला गाभा आला, कडा नाहीत. नुसता दाणेदार डाग. तो फोटो मी ठेवला नाही.

सकाळी चहा झाल्यावर दुर्बीण आणि ट्रॅकर पुसले, ओसरीच्या भिंतीला टेकवून त्यांचे फोटो काढले आणि पुण्यातल्या आकाशनिरीक्षकांच्या ग्रुपवर विकायला टाकले. मग प्लॉटमध्ये गेले. दिरांना सांगितलं की बल्ब फार उंच बसलेत, खालच्या फांद्यांवर उजेड पोचत नाही, काल रात्री पुलावरून दिसत होतं. त्यांनी वर बघितलं, म्हणाले, "व्हय की." मी शिडी धरली आणि आम्ही पहिल्या ओळीपासून बल्बांची तार खाली घ्यायला लागलो.