अकरा गाणी, ओळीनं

चाळिशी ओलांडलेली चार माणसं अजूनही 'तू मला सोडून का गेलीस' म्हणून गळा काढतात, याची मला कीव येत नाही, चीड येते. या अमेरिकन बँडचा नवा अल्बम आला तेव्हा त्याची समीक्षा लिहायचं काम माझ्याकडे होतं, आणि ती मी चिडूनच लिहिली. या जातीच्या गाण्यांना इमो-पॉप म्हणतात. मराठीत सांगायचं तर तालात रडणं.

परदेशातले समीक्षकही त्याच दिवशी तुटून पडले. निम्म्यांचं म्हणणं, हे लोक आता परिपक्व झाले, म्हणून कंटाळवाणे. उरलेल्यांचं म्हणणं, हे परिपक्व झालेच नाहीत, म्हणून हास्यास्पद. याच मंडळींनी एके काळी या बँडच्या डोळ्यांतल्या काजळाची टिंगल केली होती, आणि आता 'ते सुरुवातीचे दिवस' म्हणून उसासे टाकत होती. जनाची नाही, निदान मनाची तरी!

मी काही त्यांच्याहून वेगळा नाही. हुडकेश्वरला राहतो, दिवसा विम्याच्या कंपनीत फायली सरकवतो आणि एका वेबसाइटसाठी संगीतावर लिहितो. तिथल्या फोटोत हाताची घडी घालून उभा आहे. नागपुरात असल्या गाण्यांवर लिहिणारे थोडे, त्यामुळे वासरांत लंगडी गाय शहाणी.

समीक्षकांना गाणी आठवडाभर आधी मिळतात, कारण अल्बम बाहेर पडतो त्या घटकेला मत तयार हवं असतं. मत गरम वाढायचं, शिजलंय की नाही कोण बघतो? मला एक लिंक आली, तिच्यात अकरा फायली. त्या मोबाइलवर उतरवून घेतल्या आणि रविवारी कूलरच्या खसच्या जाळ्या बदलता बदलता ऐकल्या. मग लिहिलं, 'पियानोवरचं रडगाणं अगदी सुरुवातीलाच ठेवण्याचा उद्धटपणा, आणि शेवट इतका तुटका की गायकाला बस पकडायची असावी.' बसचं वाक्य मला फार आवडलं. ते मी तीनदा वाचलं. गाणी तेवढ्या वेळा ऐकली नाहीत.

लेखाखाली प्रतिक्रिया आल्या. 'अगदी मनातलं बोललात.' 'शेवट खरंच तुटका आहे.' मी दोन दिवस फुगून फिरलो.

एक माणूस मात्र काहीच बोलला नाही. तो कॉलेजात असताना हॉस्टेलवर माझ्या खोलीत राहायचा. काटोलकडचा, संत्र्याच्या बगीच्यांचे सौदे करणाऱ्या घरातला. हा बँड मला त्यानेच ऐकवला होता. इयरफोन एकच होता, त्यातला डावा त्याच्या कानात आणि उजवा माझ्या. तेव्हा सोडून जाण्याइतकं कोणी आम्हाला भेटलंही नव्हतं, तरी त्या गाण्यांवर आम्ही मनापासून दुःखी व्हायचो.

दीड वर्षापूर्वी त्याचा डावा कान गेला. एका सकाळी उठला तो बंदच. आता उजवाही उतरत चालला होता. नव्या अल्बमची बातमी आली तेव्हा त्याने मला लिहिलं होतं, 'आधी तू सांग कसा हाय. आता कान पाहून खर्च करा लागते.' मी माझ्या लेखाची लिंक पाठवली आणि वर लिहिलं, 'कान घालवू नको.' उत्तर आलं नाही. मला वाटलं, त्याला पटलं.

गेल्या महिन्यात तो कानाच्या तपासणीसाठी नागपूरला, धंतोलीत आला आणि त्याने मला दवाखान्यात बोलावून घेतलं. मी चुकून त्याच्या डाव्या बाजूला बसलो. त्याने दंडाला धरून मला उजवीकडे आणलं.

"तुनं कोनता अल्बम आयकला गा?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"पियानोवालं गानं पयलं नाही, शेवटचं हाय. अकरावं. अन् तू ज्याले शेवट म्हनतं ते चौथं हाय. त्याच्यातूनच पाचवं निंगते, म्हनून तुटल्यावानी वाटते."

मी मोबाइल काढून पाहिलं. फायलींवर क्रमांकच नव्हते. फोनने त्या नावाच्या पहिल्या अक्षरानुसार लावून टाकल्या होत्या. ज्या रचनेला मी उद्धट म्हटलं ती बँडची नव्हतीच, माझ्या फोनची होती. आणि 'शेवट खरंच तुटका' म्हणणाऱ्या शहाण्यांजवळ तर खरा क्रम होता, म्हणजे त्यांनीही ऐकलं नव्हतं. क्षणभर मला बरं वाटलं, इतका मी नीच.

"क्रम चुकला," मी म्हणालो. "पण बाकी मत तर..."

"मत ठेव तुयं तुयाजवळ. बगीच्याचा सौदा कराचा तं मानूस ओळीओळीनं फिरते, पार मागच्या धुऱ्यापर्यंत. सडकेवरची दोन झाडं पाहून भाव सांगनाऱ्याले माया बाप चहा बी पाजत नव्हता." तो मोठ्याने बोलत होता, आपला आवाज किती चढलाय हे त्याला कळत नव्हतं. समोरच्या बाकावरची माणसं आमच्याकडे पाहू लागली. "तुया भरोशावर मी आठ दिवस थांबलो. मले एक कान हाय, त्यातला बी अर्धा. तुले दोन हायेत. तुनं काहून नाही आयकलं?"

मला बसचं वाक्य आठवलं आणि लाज वाटली. दुसऱ्याच्या रडण्याला हसायला मला वेळ होता, ते ऐकायला नव्हता.

"लय भारी हाय असं मी म्हनत नाही," तो जरा निवळून म्हणाला. "अर्धा तं रडकाच हाय. पन शेवटच्या गान्यात मागं कोनीतरी हळू बोलते. ते मले आयकू येत नाही. सकाळपासून बसमधी चारदा लावलं. तू आयकून सांग."

त्याने फोन आणि इयरफोन दोन्ही माझ्या हातात दिले. गाणं सुरू झालं. याच गाण्याला मी रडगाणं म्हटलं होतं आणि त्यात कोणी बोलतं हे मला ठाऊकही नव्हतं. पियानोच्या खाली खरंच एक आवाज होता, बाईचा किंवा लहान मुलीचा. एक वाक्य, कदाचित अर्धंच. मला ते उलगडेना. तेवढ्यात सवयीने माझ्या डोक्यात एक छानसं वाक्य जुळायला लागलं. ते मी खपवू शकलो असतो. त्याला ते कधीच पडताळून पाहता आलं नसतं.

काउंटरवरच्या सिस्टरने त्याचा नंबर पुकारला. मग पुन्हा पुकारला. मला कानात गाणं असतानाही ते ऐकू आलं. तो माझ्या ओठांकडे पाहत होता.

"काय म्हनते गा?"

"सिस्टर बलावून राहिली तुले," मी इयरफोन काढत त्याच्या उजव्या कानाशी म्हणालो. "अन् गान्यातलं मले नाही समजलं."

तो उठला. फोन त्याने माझ्याच हातात ठेवला. दोन पावलं गेला आणि वळला.

"मी येतवर बस इथंच. पयल्यापासून लाव. ओळीनं."