पुराची लेव्हल

जिल्हा परिषदेच्या शाळेत सोळा वर्षं शिकवलं की किस्से शोधायला जावं लागत नाही. प्रत्येक परिपत्रकाला एक चिकटूनच येतो! डबा खाताना आम्ही बाया ते सांगतो आणि पोट धरून हसतो. पण त्या मोबाईल गेमचा विषय निघाला की माझा आवाज चढतो. चढू दे.

गेम आपत्ती व्यवस्थापनाचा. पूर, आग, भूकंप, साप अशा दहा लेव्हल. मुलांनी खेळता खेळता शिकायचं. कल्पना वाईट नव्हती, हे आधीच सांगते. आमची शाळा सीना नदीच्या काठी, पहिली ते पाचवी. आम्हालाच तर हे यायला हवं होतं!

•

ट्रेनिंग सोलापुरात, एका दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. ट्रेनर तरतरीत. पहिलीच लेव्हल उघडली, त्सुनामी!

मी उभी राहिले. "सर, सोलापूरला समुद्र नाही."

"मॅडम, कंटेंट नॅशनल आहे."

मग आगीची लेव्हल आली. 'बाहेर पडायचा दुसरा रस्ता शोधा,' असं स्क्रीनवर झळकलं. मी वळून पाहिलं. हॉलच्या दुसऱ्या दाराला कुलूप, आणि पुढं खुर्च्यांची चळत. शिपायाला विचारलं, "किल्ली कुणाकडं आहे?"

"साहेबाकडं."

"आणि साहेब?"

"रजेवर हायत की!"

•

आमच्या गावात इंटरनेट नीट येतं ते पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर. गेम सुरू होऊन दोन दिवस झाले आणि मधल्या सुट्टीनंतर सात मुलं वर्गात नाहीत! बाहेर धावले. सातही जण टाकीच्या जिन्यावर, घरचा एक फोन मधे धरून. कठडा तुटलेला.

वरूनच ओरडले, "बाई, भूकंपाची लेव्हल चालू हाय!"

एकेकाला हात धरून खाली उतरवलं. केंद्रप्रमुख घोडके सरांना फोन लावला. दहा शाळा त्यांच्या देखरेखीखाली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"चढू देऊ नका मॅडम," ते म्हणाले. "पण लेव्हल थांबता कामा नये!"

•

पाचवीतली रेश्मा वस्तीवर राहते. शेळ्यांमागं फिरून पाय चपळ आणि जीभ त्याहून चपळ. सर्पदंशाची लेव्हल तिच्या वाट्याला आली. पेशंटला दवाखान्यात न्यायचं. पर्याय तीन: अँब्युलन्स, कार, टॅक्सी.

"बाई, ह्यात ट्रॅक्टर कुटं हाय?"

"नाही गं."

"मग अँब्युलन्स चिखलातनं आमच्या वस्तीवर कशी येनार?"

ती विचार करत राहिली आणि वेळ संपली. स्क्रीनवर लाल अक्षरं आली: 'तुम्ही निष्काळजी आहात!'

रेश्माच्या चुलत्याला त्याच वस्तीवर साप चावला होता. ट्रॅक्टरवर टाकून नेला म्हणून माणूस आज चालतोय. मी मोबाईल टेबलावर आपटला. काच तडकली. मोबाईल माझाच होता!

•

पुराच्या लेव्हलला तीन लाइफ. बाहुली बुडाली की टुंग वाजतं आणि ती परत काठावर उभी.

एका दुपारी दुसरीतली अश्विनी फाटकाबाहेर, नदीच्या उतारावर दिसली. पाणी गढूळ, वाढलेलं. मी पळत जाऊन तिचा दंड धरला. "कुठं निघालीस?"

"चप्पल व्हाऊन गेली बाई, आनते की. लई लाइफ हायत अजून!"

तिला कडेवर घेऊन परत आले. वर्गात आल्यावर मला रडू फुटलं, आणि रडू आलं म्हणून अजूनच राग आला. त्या दिवसापासून आमच्या शाळेत गेम बंद.

आमच्याकडं खिचडी शिजवणाऱ्या कौसाबाई आहेत. त्यांचं माहेर उजनीच्या पाण्याकाठचं, मासेमारीवाल्यांतलं. दुसऱ्या दिवशी त्या दोरी आणि तेलाचे रिकामे कॅन घेऊन आल्या आणि पटांगणात पोरांना कॅन छातीशी बांधायला शिकवायला लागल्या.

मी विचारलं, "याला किती लेव्हल?"

"एकच," कौसाबाई म्हणाल्या. "पान्यातनं जित्तं भायेर यायचं!"

•

गेम बंद होता, तरी महिनाअखेर आमच्या शाळेचं काम शंभर टक्के! 'सुरक्षित शाळा' असं प्रमाणपत्रसुद्धा आलं. गेम पूर्ण केलेल्या मुलांची यादी पाहिली तर पहिला नंबर पल्लवीचा. पल्लवीचे वडील रेल्वेत. ते कुर्डुवाडीला गेले तेव्हा ती शाळा सोडून गेली, त्याला वर्ष उलटलं होतं.

"सर, हे खेळलं कोण?"

घोडके सर लाजले बिजले नाहीत. "ऑफिसात वाटून घेतलं मॅडम. मी स्वतः एकोणीस मुलं वाचवली!"

•

मग सीना खरंच आली. वर धो धो पाऊस, त्यात धरणाचं पाणी सोडलेलं. दुपारपर्यंत वस्तीला वेढा पडला. मी आणि कौसाबाई देवळाच्या टेकाडावर भिजत उभ्या होतो आणि येणारं प्रत्येक पोर मोजत होतो. सगळ्यात शेवटी रेश्मा आली. बाजाराला गेलेले आईबाप मोहोळला अडकलेले. पाठीवर धाकटा भाऊ, एका हाताला आजी, मागं शेळ्या. पट पूर्ण झाला.

तेवढ्यात घोडके सरांचा फोन. "मॅडम, मुलं सुरक्षित?"

"सगळी, सर. एकूण एक."

"वा! लगेच फोटो पाठवा," ते म्हणाले. "मुलांच्या हातात मोबाईल दिसला पाहिजे!"

मी काय उत्तर दिलं ते इथं लिहिता येणार नाही.

•

पाणी ओसरल्यावर जिल्ह्याचे एक साहेब कॅमेरावाल्याला घेऊन शाळेत आले. गेममुळे गाव वाचलं, अशी यशोगाथा करायची होती. भिंतीवर चिखलाची रेघ अजून ओली. साहेबांनी रेश्माला पुढं उभं केलं, केस नीट करायला लावले आणि माइक तिच्या तोंडाशी धरला.

"सांग बाळ, पूर आला की सगळ्यात आधी काय करायचं?"

रेश्मा ताठ उभी राहिली. "आधी तुमच्या हापिसाला फोन लावायचा. तो कुनी उचलत न्हाय. मग आपलं आपन निगायचं."

साहेबांनी कॅमेरावाल्याकडं पाहिलं. मग हसून म्हणाले, "परत एकदा घेऊ हं बाळ. नीट सांग."

आपला आवाज पोचला नाही असं तिला वाटलं. तिनं माइक दोन्ही हातांनी धरला आणि तेच पुन्हा, जोरात सांगितलं.