नेल्डाने हात वर केला

नेल्डा टिडवेलने पंचवीस वर्षं शाळेची बस चालवली आणि पन्नाशी उलटल्यावर पुन्हा पाटी-पुस्तक हातात घेतलं, ही गोष्ट हॅचर स्प्रिंग्जमध्ये पुष्कळांच्या पचनी पडली नव्हती. मिसिसिपीतल्या त्या टीचभर गावात पन्नाशीनंतर माणूस एक तर मासे धरतो, नाहीतर नातवंडं सांभाळतो. नेल्डाने सेमिनरीत नाव घातलं. ख्रिस्ती धर्मशिक्षण आणि मनाच्या दुखण्यांवरचं समुपदेशन असा जोडीचा अभ्यासक्रम होता, पदवीनंतरचा. तिच्या नणंदेने, ओलेटाने, सगळ्यांदेखत विचारलं होतं, "का गं, बायबल पुरत नाही का तुला?"

"पाय मोडला की तू काय बायबल बांधतेस का त्याला?" नेल्डा म्हणाली. ओलेटा हसली, पण मनापासून नाही.

शेवटच्या वर्षी उमेदवारी असते. चर्चच्या मागच्या जोडइमारतीत एक खोली समुपदेशनासाठी दिलेली होती, तिथे दर मंगळवारी नेल्डा लोकांचं ऐकत बसे. प्रत्येक बैठकीचं चित्रीकरण होई आणि तिच्या मार्गदर्शक डॉ. ओक्स ते बघत. डॉ. ओक्स पूर्वी लष्करात धर्मगुरू होत्या. बोलायच्या थोडं, पण बोललेलं झोंबायचं. पहिल्याच महिन्यात त्यांनी नेल्डाला बजावलं होतं, समोरच्याने मागितल्याशिवाय प्रार्थना करायची नाही. "बोलणं जड झालं की तू डोळे मिटून प्रार्थना सुरू करतेस. तुला बरं वाटतं. समोरच्याचं सांगणं मात्र अर्धवट राहतं." नेल्डाला हे फार लागलं. टायर पंक्चर झाला तरी आधी देवाला हाक मारणारी बाई ती. पण तिने ऐकलं, कारण तिला ही पदवी हवी होती. बसच्या आरशात तिने इतकी वर्षं मुलांचे चेहरे पाहिले होते, आणि त्यातल्या काहींचं घरी काय चाललंय हे कळूनही तिला काही करता आलं नव्हतं.

त्या चेहऱ्यांपैकीच एक केंड्रा. बसमध्ये कायम मागच्या सीटवर बसायची. आता ती टायरच्या दुकानात काम करणाऱ्या कोल्बी पोझीची बायको होती आणि चार महिन्यांच्या मुलाची आई. दोघी एकाच चर्चच्या, म्हणून डॉ. ओक्स आधी नको म्हणाल्या. केंड्राच अडून बसली. दुसरा समुपदेशक गाठायचा तर तासभर गाडी हाकावी लागते, आणि अनोळखी माणसासमोर तोंड उघडणार नाही, असं तिचं म्हणणं.

तिसऱ्या बैठकीत तिने तोंड उघडलं. बाळाला अंघोळ घालताना तिच्या मनात येई, आपण हात काढून घेतला तर? रोज येई. मग ती बाळाला तसंच ओलं उचलून थरथरत जमिनीवर बसे.

"मिस नेल्डा, माझ्यात सैतान शिरलाय का?"

नेल्डाला डोळे मिटावेसे वाटले. तिने मिटले नाहीत. "सैतान शिरलेली बाई घाबरत नाही, पोरी. तू घाबरतेस, कारण त्याला काही व्हायला नकोय तुला. हे बाळंतपणानंतरचं दुखणं आहे. पुष्कळ आयांना होतं, कोणी सांगत नाही इतकंच."

विचारायचे होते ते सगळे प्रश्न तिने विचारले. डॉ. ओक्सनी त्याच संध्याकाळी चित्रीकरण पाहिलं, केंड्राशी स्वतः बोलल्या, डॉक्टरची वेळ ठरवून दिली. बाळाला धोका नाही, असं त्यांचं मत पडलं. पोरीला आधार हवा. केंड्राची भीती एकच होती: सासूला कळलं तर ती बाळ घेऊन जाईल आणि कोर्टापर्यंत खेचेल. "या खोलीबाहेर जाणार नाही," नेल्डाने शब्द दिला. तोवर सगळं तिने नीट केलं होतं. दुसऱ्या दिवशी बुधवार होता.

बुधवारी संध्याकाळी चर्चच्या सभागृहात सगळे एकत्र जेवतात. तळलेली कोंबडी, घेवड्याच्या शेंगा, मक्याचा पाव, केळ्याचं पुडिंग. जेवणं उरकली की चर्चचे पाळक ब्रदर हार्लन विचारतात, कोणासाठी प्रार्थना करायची? कुणाचा गुडघा, कुणाचा पोरगा टेक्सासात बेकार. आणि ज्याला आपलं दुःख उघड सांगता येत नाही, त्याने नुसता हात वर करायचा. याला तिथे न सांगितलेली विनंती म्हणतात. कोणी काही विचारायचं नाही, देवाला ठाऊक असतं. नवऱ्याच्या दारूच्या दिवसांत नेल्डाने असा हात कितीदा वर केला होता, आणि त्या हातानेच ती तगली होती.

त्या बुधवारीही तिचा हात वर गेला. तोंडातून चकार शब्द निघाला नाही. डोळे मात्र भरून आले, आणि ते ओलेटाने पाहिलं.

ओलेटाकडे चर्चची प्रार्थना-साखळी होती. म्हणजे एकीने दुसरीला फोन करायचा, दुसरीने तिसरीला, आणि सगळ्यांनी मिळून एखाद्यासाठी प्रार्थना करायची. प्रार्थना किती पोचत ते देव जाणे, बातमी मात्र रुग्णवाहिकेच्या आधी पोचे. ओलेटा मनाने वाईट नव्हती, हे सांगायलाच हवं. कुणाच्या घरी आजारपण आलं की पहिला डबा तिचाच. पण तिला गप्प बसवत नसे. तिने हिशेब मांडला: नेल्डा मंगळवारी खोलीत बसते. काल मागच्या अंगणात केंड्राची गाडी उभी होती. केंड्रा वाळलीये, इतक्या उकाड्यात लांब बाह्या घालते, कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नाही. उत्तर सरळ होतं. कोल्बी बायकोला मारतो.

शुक्रवारी केंड्राच्या ओसरीवर झाकलेल्या भांड्यांची रांग लागली. पुलाव, भाजलेली कोंबडी, वरून बिस्किटांचा चुरा घातलेलं काय काय, आणि प्रत्येक भांड्याच्या तळाला मालकिणीच्या नावाची पट्टी, परत करायला सोपं जावं म्हणून. त्याच दुपारी चर्चचे दोन डीकन, म्हणजे तिथले वडीलधारे कारभारी, टायरच्या दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांसमोर कोल्बीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळा, आपल्याला थोडं बोलायचंय."

संध्याकाळी केंड्राचा फोन आला. "सांगितलंत तुम्ही," एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला. नंतर उचलेना.

नेल्डा तडक ओलेटाच्या घरी गेली आणि मी तुला कधी काय बोलले होते, म्हणून विचारलं.

"तू कुठे काय बोललीस?" ओलेटा म्हणाली. "तू अगदी नियमाने गप्प होतीस. मला काय डोळे नाहीत? आणि तो कोल्बी, त्याचा बापही तसाच होता."

'कोल्बी नाही गं' हे शब्द नेल्डाच्या ओठांपर्यंत आले. तिने ते गिळले. कोल्बी नाही, मग काय? हे शोधून काढल्याशिवाय ओलेटाला घास गेला नसता. आणि सांगितलं तर ते केंड्राचं होतं, आपलं नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"बघ," ओलेटा म्हणाली. "तू काही नाही म्हणत नाहीस."

"मी होही म्हणत नाही, ओलेटा. मी काहीच म्हणत नाही. तू फोन बंद कर."

"प्रार्थना बंद करू?"

"फोन," नेल्डा म्हणाली आणि निघाली. गाडीत बसल्यावर तिला रडू फुटलं. एका निरपराध पोराच्या नावाला काळं फासलं गेलं होतं आणि ते पुसायचं फडकं तिच्याच हातात होतं. वापरायची मात्र बंदी होती.

सोमवारी तिने डॉ. ओक्सना सगळं सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं, चित्रीकरणात काही नव्हतं. लपवलं असतं तर कदाचित लपलंही असतं.

डॉ. ओक्सनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "हात कोणासाठी वर केलास?"

"केंड्रासाठी."

"नेल्डा."

नेल्डाने मान खाली घातली. "माझ्यासाठी. मला पेलवत नव्हतं ते."

"न पेलवणारं माझ्याकडे आणायचं असतं. मी कशाला बसलेय इथे? तू ते अख्ख्या गावासमोर नेलंस." त्यांचा आवाज चढला नव्हता. "हे सेमिनरीच्या समितीपुढे जाणार. काय होईल सांगता येत नाही, काढूनही टाकतील. पण आधी केंड्रा. तिला सगळं सांग. 'पण' हा शब्द वापरू नकोस."

"आणि कोल्बी? एका वाक्यात त्याचं नाव साफ होईल."

"ते वाक्य तुझं नाही."

मंगळवारी ठरल्या वेळी नेल्डा खोलीत जाऊन बसली. केंड्रा आली नाही. सकाळी डॉ. ओक्सच्या फोनला तिने 'बरी आहे' एवढंच उत्तर दिलं होतं. वेळ संपत आली तेव्हा दार उघडलं. बाळाला छातीशी बांधून केंड्रा उंबऱ्यातच उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

नेल्डाने सांगितलं. हात वर केला, डोळ्यांत पाणी आलं, लोकांनी ताडलं. "चूक माझी आहे, केंड्रा. लोकांची नंतर, आधी माझी."

"अंघोळीच्या पाण्याचं कुणाला कळलंय?"

"मला आणि डॉ. ओक्सना. तिसऱ्या कुणाला नाही."

केंड्राच्या जिवात जीव आला. मग ती एकदम तापली. "कोल्बीशी कुणी बोलत नाही. काल दुकानात एका म्हाताऱ्याने त्याच्याकडून टायर बदलून घ्यायला नकार दिला. त्याने मला आजवर बोट लावलं नाहीये, मिस नेल्डा. बाळ रडलं की तोच उठतो. सांगा ना त्यांना."

"तू म्हणालीस तर सांगेन. तू लिहून दे, मी उभी राहून सांगते. पण ते विचारतील, मग काय आहे? आणि तिथे मी गप्प झाले की ते पुन्हा आपल्या मनाने काहीतरी भरतील."

केंड्रा काही न बोलता निघून गेली. ती हो म्हणाली की नाही, हे नेल्डाला कळलं नाही. म्हणजे नाहीच धरायचं होतं.

बुधवारी कोल्बी जेवायला आला. आला नसता तर लोक तोंड लपवलं म्हणाले असते. लांब टेबलाच्या टोकाला तो ताट घेऊन बसला आणि आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. माणसं ताटं घेऊन येत, त्याला पाहत, आणि मीठ आणायचं राहिल्यासारखी वळत. कोल्बी मान खाली घालून शेंगा खात होता. कान लालबुंद झाले होते.

नेल्डाला वाटलं, ताट घेऊन त्याच्याशेजारी बसावं. दोन पावलं ती गेलीही. मग थांबली. ती तिथे बसली की सगळ्यांना उत्तर मिळणार होतं: कोल्बी नाही, नेल्डाला ठाऊक आहे. नुसत्या हाताने एवढं झालं होतं, आता नुसत्या बसण्याने आणखी झालं असतं. ती वळून स्वयंपाकघरात गेली आणि ढीगभर भांडी घासायला घेतली. पाणी इतकं गरम होतं की हात भाजत होते, तरी तिने ते थंड केलं नाही. आयुष्यात इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

वाढायच्या खिडकीतून सभागृह दिसत होतं. त्या खिडकीतून तिने केंड्राला आत येताना पाहिलं. केंड्रा सरळ नवऱ्याकडे गेली, बाळ सोडवून त्याच्या हातात दिलं आणि शेजारच्या खुर्चीत बसली. ओलेटा लगबगीने पुढे झाली. "आण गं बाळ इकडे, दे माझ्याकडे. तू जेव निवांत."

"बाळ बापाकडे आहे, मिस ओलेटा." केंड्राचा आवाज कापत होता, पण मागच्या भिंतीपर्यंत पोचला. "आजारी मी आहे. कोल्बीमुळे नाही. डॉक्टरांचं औषध चालू आहे. आणखी कुणाला काही विचारायचं असेल तर मी इथे बसलेय, मला विचारा. त्याला नको."

कोणी काही विचारलं नाही. ब्रदर हार्लन उठले, आपलं पुडिंग उचललं आणि कोल्बीसमोर जाऊन बसले. तेवढं त्यांना सुचलं, देव भलं करो त्यांचं.

जेवणं झाल्यावर केंड्रा ताट ठेवायला स्वयंपाकघरात आली. नेल्डाने हात पुसले. केंड्रा तिच्याकडे न बघता म्हणाली, "मी उपचार सोडणार नाही. पण तुमच्याकडे नाही येणार आता. दुसरं कुणी बघून द्या."

नेल्डाला हे अपेक्षित होतं. "डॉ. ओक्स स्वतः घेतील तुला. मी आजच सांगते त्यांना."

केंड्राने मान हलवली. काहीतरी आणखी बोलेल असं वाटलं, पण बाहेरून बाळ रडल्याचा आवाज आला आणि ती गेली. औषधाने गुण येतोय का, पाण्याची भीती कमी झाली का, हे विचारायचा हक्क नेल्डाला आता राहिला नव्हता. पुढे समितीने तिला काढलं नाही, अख्खी उमेदवारी पहिल्यापासून करायला लावली, आणि ती तिने केली. पण ते नंतरचं.

त्या संध्याकाळी ओलेटा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. नणंद, आणि चाळीस वर्षांची मैत्रीणही. नेल्डाच्या प्रत्येक दुखण्यात उशाशी बसलेली. तिचा चेहरा उतरला होता.

"काय म्हणाली गं ती तुला?" ओलेटाने हळूच विचारलं. "माझ्यावर रागावलीये का? आणि तिला झालंय तरी काय?"

नेल्डाने नळ सोडला. "तो कोपऱ्यातला टोप दे इकडे."

"अगं, मला तरी सांग. मी काय परकी आहे?"

"टोप दे, ओलेटा."

ओलेटाने टोप ओट्यावर आपटला आणि ती निघून गेली. नाताळपर्यंत ती नेल्डाशी बोलली नाही.